सगळे बाहेर आहेत

दर सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मी आमच्या गावचे बंब तपासायला जाते. तपासायला जाते म्हणजे एका पत्रकावर बेचाळीस ठिकाणी टिक करायला जाते. टायर, टिक. दिवे, टिक. पाण्याची टाकी भरलेली, टिक. नऊ वर्षं हे चाललं आहे. त्यातली आठ वर्षं तरी मी त्याला काम समजत होते.

गाव म्हणायचं ते आपलं सवयीने. मिशिगनमध्ये, ॲन आर्बरपासून सव्वा तासावर, मका आणि सोयाबीनच्या शेतांत विखुरलेली घरं, एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि पत्र्याच्या शेडमधलं फायर स्टेशन. नवऱ्याची नोकरी विद्यापीठात. त्याला मोकळी जागा हवी होती म्हणून आम्ही इथे आलो. तो सकाळी सातला निघतो आणि संध्याकाळी सातला परत येतो, त्यामुळे मोकळ्या जागेत असते ती मी. माझं काम घरून. लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. ह्या कामाला लागणारा खवचटपणा तुझ्यात जन्मापासून आहे, असं आई म्हणायची.

इथे पगारी फायर ब्रिगेड नाही. सांगलीत लहानपणी पाहिलेला बंब नगरपालिकेचा होता, त्यावर खाकीतली माणसं असायची. इथे बंबावर शेतकरी असतो, शाळेच्या बसचा ड्रायव्हर असतो, गॅरेजवाला असतो. पेजर वाजला की हातातलं टाकून धावायचं. मी त्यात शिरले ती शेजाऱ्यांमुळे. रस्त्याच्या पलीकडे त्यांचं शेत आणि गोठा. आमच्या घरात आम्ही त्या नवराबायकोला काका-काकू म्हणतो, त्यांना हे माहीत नाही. पहिल्या हिवाळ्यात काकांनी न विचारता आमच्या दारापुढचा बर्फ ट्रॅक्टरने काढला. मी आभाराची शंकरपाळी घेऊन गेले, तेव्हा एक तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "तू दिवसा घरी असतेस ना?"

दिवसा गावात माणूस नसतो, ही इथली अडचण. बहुतेक जण लांब नोकरीला जातात आणि आग काही ते परत यायची वाट बघत नाही. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते, उंची पाच फुटांना थोडी कमी, गुडघे कुरकुरायला लागलेले. आगीत शिरणार नाही या अटीवर मी हो म्हटलं. मग त्यांनी मला सेक्रेटरी केलं, आणि आगीच्या ठिकाणी पाटी सांभाळायला दिली.

ही पाटी काय ते सांगायला हवं. एक जाड प्लास्टिकची पाटी, जेवणाच्या ताटापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर हुकांच्या दोन रांगा. वरच्या रांगेवर लिहिलेलं आहे 'बाहेर', खालच्या रांगेवर 'आत'. आम्ही चौदा जण, प्रत्येकाच्या नावाचा एक बिल्ला. जळत्या घरात शिरणाऱ्याने आपला बिल्ला पाटी सांभाळणाऱ्याच्या हातात द्यायचा. तो 'आत'च्या रांगेत लावायचा. माणूस बाहेर आला की बिल्ला वर. छप्पर पडायला आलं तर पाटीकडे एक नजर टाकून कळावं की आत कोण राहिलं आहे. या पाटीला इथे सगळे 'अकाउंटेबिलिटी' म्हणतात, नुसतं तेवढंच. "अकाउंटेबिलिटी कुठे आहे?" "दुसऱ्या बंबात, सीटखाली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आपल्याकडे जबाबदारी घेतात, टाळतात, फार तर दुसऱ्यावर ढकलतात. सीटखाली ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझा बिल्ला तयार झाला तेव्हा आडनावातलं शेवटचं अक्षर त्यावर मावलं नव्हतं. चीफ म्हणाले, "चालेल ना? तूच आहेस हे कळतंय की." मी म्हटलं, चालेल.

चीफ साठीच्या पुढचे, रुंद खांद्यांचे, मोठ्याने हसणारे. त्यांच्या आधी त्यांचे वडील चीफ होते. दर जानेवारीत निवडणूक होते, म्हणजे सगळे हात वर करतात. हा वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटू शकेल. बर्फात रुतलेली अर्ध्या गावाची गाडी त्यांनी कधी ना कधी ओढून काढलेली आहे. कोणत्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, कोणाला जिना उतरवत नाही, कोणत्या तळ्यातून पाणी उपसता येईल, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त चीफ म्हणून जे काम करायचं असतं ते त्यांना आवडत नसे. आगीच्या ठिकाणी चीफने लांब उभं राहून सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं. यांना लांब उभं राहवत नसे. बंबातून उतरले की पाइप हातात, आणि मग बाकीचे आपापल्या अकलेने पळत सुटायचे. ट्रेनिंगच्या दिवशी हजेरीपटावर सह्या व्हायच्या, डोनट व्हायचे आणि कोणाच्या तरी ट्रकच्या गिअरबॉक्सवर तासभर चर्चा व्हायची. तक्रार करणार कोण? निम्मे त्यांचे नातेवाईक आणि उरलेले त्यांच्या उपकाराखाली. दोघं जण प्रश्न विचारणारे होते, ते कंटाळून शहरातल्या पगारी फायर ब्रिगेडमध्ये निघून गेले. त्यांच्या निरोपाला केक होता.

बिल्ले खरं तर ज्याच्या त्याच्या हेल्मेटला लावलेले असायला हवेत. ते हरवायचे. म्हणून मी येण्याच्या आधीच कधीतरी चीफनी सोपं करून टाकलं होतं. सगळे बिल्ले कायमचे पाटीवरच, 'बाहेर'च्या रांगेत, आणि आत जाणाऱ्याने जाताजाता आपला बिल्ला खाली सरकवायचा. घर पेटलेलं असताना पाटीपाशी थांबून बिल्ला सरकवणारा माणूस मी नऊ वर्षांत पाहिलेला नाही. त्यामुळे आमची पाटी वर्षाचे बारा महिने एकच सांगायची की सगळे बाहेर आहेत.

ऑफिसात कोणी अशी टेस्ट लिहिली असती, जी प्रोग्राम कोलमडला तरी पास होते, तर मी त्याची भर मीटिंगमध्ये सालटी काढली असती. इथे मी दर सोमवारी सदतिसाव्या ओळीसमोर टिक करत होते. अकाउंटेबिलिटी, टिक. पाटी आहे, बिल्ले चौदा आहेत. मोजायचे हं मी. न मोजता कधी टिक केली नाही, आणि याचा मला अभिमानही होता.

एकदा, तिसऱ्या वर्षी, मी मीटिंगमध्ये विचारलं होतं की बिल्ले जर कधी हलतच नाहीत, तर पाटीचा उपयोग काय. चीफ हसले. "आपण सगळे एकमेकांना ओळखतो. बिल्ले शहरातल्या लोकांना लागतात." सगळे हसले. मीही हसले. नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली की मी नवी, बाहेरची, बाई, उच्चार वेगळा. खरं कारण याहून साधं आहे. इंग्रजीत सगळेच 'यू', पण माझ्या डोक्यात चीफ पहिल्या दिवसापासून 'अहो' होते. 'अहो' झालेल्या माणसाशी मी वाद घालते, त्याची चेष्टाही करते, पण त्याला जाब विचारायची वेळ आली की माझी जीभ उचलत नाही. ऑफिसातल्या मॅनेजरला मी मनातल्या मनात 'अरे' म्हणते, म्हणून तो बिचारा मला टरकून असतो. चीफच्या बाबतीत मी ही चूक पहिल्याच दिवशी करून बसले होते.

गेल्या ऑक्टोबरात एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला पेजर वाजला. मी कॉलवर होते. कॅमेरा बंद केला, कुकरखालची शेगडी बंद केली आणि निघाले.

घर एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं, जुनं, लाकडी, दुमजली. मागच्या बाजूने काळा धूर येत होता. बाई बाहेर अंगणात उभ्या होत्या, त्यांचा कुत्रा दिसत नव्हता. आम्ही सात जण पोचलो. उरलेले सात आपापल्या नोकरीवर होते, आणि पाटीच्या मते तेही बाहेरच होते. चीफ उतरले, पाइप घेतला आणि घराच्या मागे गेले. मी पाटी हातात धरून पहिल्या बंबापाशी उभी राहिले.

काका माझ्यासमोरून गेले. बासष्ट वर्षांचे, पाठीवर हवेचा सिलिंडर, मुखवटा अजून गळ्यातच. त्यांनी मला अंगठा दाखवला. मी हात हलवला. ते कुठल्या दिशेने गेले ते मी पाहिलं नाही, कारण तेवढ्यात पंपावरच्या माणसाने काहीतरी विचारलं आणि मी तिकडे वळले. "बिल्ला द्या" हे दोन शब्द पुरले असते.

पंधरा-वीस मिनिटांनी स्वयंपाकघरावरचं छप्पर वाकायला लागलं. बंबाचा भोंगा तीनदा लांब वाजला, म्हणजे सगळ्यांनी बाहेर या. माणसं धुरातून बाहेर येऊ लागली, सगळी एकसारखी, काळी, हेल्मेटातली. रेडिओवर चीफचा आवाज आला, "अकाउंटेबिलिटी, सगळे बाहेर आहेत?"

मी पाटीकडे पाहिलं. चौदाच्या चौदा बिल्ले वरच्या रांगेत होते. बटण दाबून मी म्हटलं, "सगळे बाहेर आहेत."

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. अहवालात सात मिनिटं लिहिलेली आहेत, पण तीही कोणी मोजलेली नाहीत. काकू त्यांच्या गाडीतून आल्या. आग लांबली की इथल्या बायका पाणी आणि सँडविचं घेऊन येतात. त्यांनी खोका बंबाच्या पायरीवर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हे कुठे दिसत नाहीत ते?"

मी पुन्हा पाटीकडे पाहिलं. मला अजून त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते की बाईने नवऱ्याबद्दल विचारलं आणि मी आधी पाटीकडे पाहिलं. काकांचा बिल्ला वरच्या रांगेत पाचवा होता. मग मी ओरडले.

त्यांना बाहेर काढलं ते चीफनीच. आणखी एकाला बरोबर घेऊन, त्या वाकलेल्या छपराखालून, ते मागच्या कपडे धुण्याच्या खोलीत शिरले आणि काकांना ओढत घेऊन आले. छताचा मोठा तुकडा काकांच्या अंगावर पडला होता. उजवा हात खांद्याशी मोडला होता. मुखवटा सरकून धूर छातीत गेला होता. त्या सिलिंडरच्या पट्ट्याला एक अलार्म असतो, माणूस हलायचा थांबला की तो किंचाळायला लागतो. तो वाजला नव्हता. बॅटरी संपलेली होती. नंतर मी पत्रक काढून पाहिलं. अलार्मच्या ओळीसमोर टिक होती, आणि सोमवारी आम्ही दोघं-तिघं बंब वाटून घेतो, त्यातला तो बंब त्या वेळी काकांनीच तपासला होता. कुत्रा संध्याकाळी पलीकडच्या घरच्यांच्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला सापडला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये लोकांनी चीफसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दोन्ही हातांना भाजल्याच्या पट्ट्या होत्या. मीही वाजवल्या टाळ्या. त्या माणसाने जीव धोक्यात घातला होता, हे काही खोटं नव्हतं. फक्त त्या टाळ्यांनंतर काही विचारायची सोयच राहिली नाही.

अहवाल मला लिहायचा होता. तो टाउनशिपच्या मंडळाकडे जातो, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीकडेच. चीफ कॉफीचा कप घेऊन माझ्याशेजारी बसले आणि सांगत गेले, मी टाइप करत गेले. महत्त्वाचं वाक्य त्यांनी जे सांगितलं, ते मराठीत आणलं तर असं होईल : उपस्थित सदस्यांची पडताळणी करताना एक सदस्य आत राहिल्याचे आढळून आले.

माझे वडील जिल्हा परिषदेत होते. 'आढळून आले' हा शब्द मी जेवणाच्या पाटावर ऐकत मोठी झाले. पूल खचल्याचे आढळून आले, धान्य किडल्याचे आढळून आले. वडील म्हणायचे, या वाक्यात माणूस नसतो, म्हणून ते ऑफिसात सगळ्यांना आवडतं. मला वाटायचं ही खास आपल्याकडची कला. पण इंग्रजीतही ती तंतोतंत जमते.

मी टाइप करायची थांबले. म्हटलं, "पडताळणी झाली नव्हती. त्यांच्या बायकोने विचारलं."

चीफ कपात बघत राहिले. "ते लिहिलं तर त्यात तुझं नाव येणार," ते म्हणाले. "कशाला? तू चांगली मुलगी आहेस."

बावन्नाव्या वर्षी कोणी मुलगी म्हटलं तर एरवी मी फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मला बरं वाटलं. हा माणूस मला वाचवतो आहे असं वाटलं, त्यांनाही तसंच वाटत असणार. माझ्याबरोबर आणखी कोण वाचतं आहे, हा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि सही केली.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं रिझाइन कर ना. इट्स नॉट युअर जॉब, यार."

त्याला काय सांगणार. माझा जॉबच तर होता तो. तेवढा एकच होता.

काका महिनाभराने हॉस्पिटलमधून घरी आले. ट्रॅक्टर आता त्यांचा पुतण्या येऊन चालवतो, गाई त्यांनी देऊन टाकल्या. रोज अकराच्या सुमाराला ते रस्त्याच्या कडेच्या टपालपेटीपर्यंत चालत येतात. त्यांची आणि आमची पेटी एकाच लाकडी खांबावर शेजारीशेजारी आहे. खांबापाशी आले की ते त्याला धरून उभे राहतात, श्वास जागेवर आला की पेटी उघडतात. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून हे सगळं दिसतं. मी टेबल आतल्या खोलीत नेऊन पाहिलं, पण तिथे इंटरनेट नीट येत नाही. तेव्हा पुन्हा खिडकीत.

जानेवारीत वार्षिक मीटिंग झाली. सगळे आले होते, काकाही, हात झोळीत बांधलेला. चीफनी विचारलं, दुसरं कोणी उभं राहतंय का. कोणी नाही. मग हात वर झाले. काकांनी डावा हात वर केला. तो पाहिल्यावर मी माझाही केला. मोजायचं काम सेक्रेटरीचं, म्हणून मी एक हात वर ठेवून दुसऱ्या हाताने मोजत होते. तेरा. चीफ स्वतःला मत देत नाहीत, तेवढी रीत ते पाळतात. एकमताने, असं मी लिहिलं. गाडीत येऊन बसले तेव्हा इतकी दमले होते की किल्ली फिरवायला दहा मिनिटं लागली. काही केलेलं नसताना येणारा हा थकवा मला तेव्हापासून सुटलेला नाही.

सोमवार चालूच होते. टायर, टिक. दिवे, टिक. अलार्मच्या बॅटऱ्या नव्या आल्या. बिल्ले होते तिथेच होते.

जूनमध्ये एका दुपारी मी काकूंचं भांडं परत द्यायला गेले. रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात चिवडा भरला होता. काकू गावात गेल्या होत्या. काका व्हरांड्यात बसून मटाराच्या शेंगा सोलत होते, शेंग गुडघ्यांत धरून, डाव्या हाताने. मी समोरच्या पायरीवर बसले आणि बसल्याबसल्याच बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा तशीच परत आले असते.

म्हटलं, "अहवालात लिहिलंय ते खरं नाही. पडताळणीबिडताळणी काही झाली नव्हती. तुमच्या बायकोने विचारलं म्हणून आम्हाला कळलं. तुम्ही आत गेलेले मला माहीत नव्हतं."

"मला आत त्याने पाठवलं होतं," काका म्हणाले. त्याने म्हणजे चीफनी. "म्हणाला, मागच्या खोलीत कुत्रा आहे का बघून ये. मग गडबडीत विसरला असेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. हवामानाबद्दल सांगावं तसं ते सांगत होते.

"आणि त्याच्या आधी," मी म्हटलं, "मी रेडिओवर..."

"माहीत आहे. मी ऐकत होतो."

मला समजेना.

"रेडिओ छातीवर होता, चालू होता. बोलायचं बटण दाबायला हात सुटत नव्हता. त्याने विचारलेलं ऐकलं, तू सांगितलेलंही ऐकलं." त्यांनी एक शेंग उघडून दाणे वाडग्यात पाडले. "तुझा आवाज लगेच ओळखला. इथे तसं बोलणारं दुसरं आहे कोण."

चिवड्याचं भांडं अजून माझ्या मांडीवरच होतं, ते मी खाली ठेवलं.

"खरं सांगू? मला जरा हायसं वाटलं. डोक्यात धूर गेलेला. वाटलं, ती म्हणते आहे ना सगळे बाहेर आहेत, म्हणजे मीही बाहेरच असणार. तू मोजल्याशिवाय कधी सांगत नाहीस, म्हणून." ते मला टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मला सोसला असता.

"मग?" मी विचारलं.

"मग मी हाका मारायचं थांबलो."

त्यांनी पुढची शेंग घेतली. मी त्यांच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा माझ्या ओच्यात ओढून घेतल्या, आणि आम्ही दोघं काकू येईपर्यंत सोलत बसलो. मला रडू आलं होतं. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरी येऊन अहवालाची फाइल उघडली. 'आढळून आले' ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं की काकांना कुत्रा बघायला चीफनी एकट्याला आत पाठवलं. मी त्यांचा बिल्ला मागितला नाही. चीफनी विचारलं तेव्हा मी माणसं मोजली नाहीत, बिल्ले पाहिले, आणि सगळे बाहेर आहेत असं सांगितलं. ते आत आहेत हे त्यांच्या पत्नीमुळे कळलं. त्यांना चीफनी बाहेर काढलं. पत्रकावरच्या टिक-खुणा वस्तू तपासून नव्हे, सवयीने होतात, माझ्यासकट सगळ्यांच्या. एका पानात मावलं. खाली आडनाव शेवटच्या अक्षरासकट लिहिलं.

सोमवारी एक प्रत चीफच्या हातात दिली. बंबाच्या पायरीवर बसून त्यांनी ती दोनदा वाचली. मला वाटलं चिडतील. ते मला एकदम म्हातारे दिसले.

"हे मंडळाकडे पाठवायचंय तुला?"

"हो."

"मी पाठवतो," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून 'बरं' असंच निघालं. सवय लवकर जात नाही. त्यांच्या खिशात गेलेले बरेच कागद मी नऊ वर्षांत पाहिले आहेत. त्यांचं पुढे काय होतं, हेही.

म्हणून मंगळवारी सकाळी अकराला मी दुसरी प्रत पाकिटात घालून रस्त्याकडे गेले. काका खांबाला धरून उभे होते. मी थांबले, त्यांचा श्वास जागेवर येऊ दिला. त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि स्वतः थोडे बाजूला सरकले. मी पाकीट आमच्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि पेटीच्या अंगाला असतो तो लाल पत्र्याचा झेंडा वर केला. तो वर असला की पोस्टमनला कळतं, आत काहीतरी आहे.